यंत्राची नजर, स्वयंपाकिणीचा हात

आमच्या सातारा-सांगलीकडच्या शाळांतून खिचडी शिजविणाऱ्या भगिनी हल्ली एकच विचारतात, "भाऊ, स्वयंपाकालाही यंत्र येणार म्हणे, मग आमचं काय?" प्रश्न पोटाचा आहे, म्हणून लिहितो.

यंत्र आलेच आहे. २०२२ साली गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात, तोडसा येथील शासकीय आश्रमशाळेत कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र बसले. मुलगी ताट घेऊन समोर उभी राहिली की ते फोटो घेते आणि जेवणाचा दर्जा ठरविते. ते भात शिजवीत नाही, कांदा चिरत नाही. लेकरांच्या ताटात पाणचट वरण पडू नये म्हणून पहारा असेल, तर आपण विरोध का करावा? मात्र माल निकृष्ट आला वरून आणि ठपका बसला स्वयंपाकिणीवर, असे होता कामा नये. यंत्राला ताट दिसते, गोदाम दिसत नाही.

खरी भीती दुसरीकडे आहे. शेजारच्या हुबळीत अक्षय पात्र संस्थेच्या स्वयंपाकघरात वाफेवर भात शिजतो आणि एका ठिकाणाहून लाखावर मुलांचे जेवण गाड्यांतून जाते. अशी केंद्रीय स्वयंपाकगृहे शहरांसाठी आहेत. पण ती आली की शाळेतली चूल विझते. हिशेब सोपा आहे. शासकीय प्रमाणाने ६० मुलांमागे २ मदतनीस. अशा ५० शाळा जोडल्या की १०० जणींचे काम गेले.

मानधन तरी केवढे? २०२३ मध्ये वाढून महिना २५०० रुपये झाले, तेही वर्षातले १० महिने. "एवढ्यात यंत्र कोण आणतंय?" असे एक गुरुजी हसून म्हणाले. माणूस यंत्राहून स्वस्त म्हणून काम टिकते, यात हसण्यासारखे काय आहे?

शिवाय २० एप्रिल २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, या कामावर नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्यावे. ज्या हाताचे पाणी गावाला चालत नव्हते, त्या हातचे अन्न गावची मुले एका पंगतीत खातात. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली काढलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले अशीच एकत्र जेवत. जेवण बाहेरून डब्यात आले, तर ते कुणाच्या हातचे हे कोण पाहणार?

तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीत विषय निघाला, तर दोन गोष्टी विचारा. जुन्या मदतनीसांना नव्या स्वयंपाकगृहात घेणार काय? यंत्र चालवायला त्यांना कोण शिकविणार? उत्तर तोंडी घेऊ नका. ठरावात लिहून घ्या आणि सही-शिक्क्याची नक्कल मागा.