गारिमीनचा हिस्सा आणि बँकेतला अर्ज

रमजानचे पहिले दहा रोजे उलटले की घरोघरी जकातीचा हिशेब निघतो. सोने तोलायचे, दुकानातला माल मोजायचा, येणे-देणे मांडायचे आणि वर्षभर हाताशी राहिलेल्या शिलकीतले अडीच टक्के बाजूला काढायचे. मग प्रश्न येतो, द्यायचे कोणाला? बहुतेक रक्कम मदरशांच्या पावत्यांवर आणि राशनच्या किटवर जाते. त्यात गैर काहीच नाही. पण सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत जकातीचे जे आठ हकदार सांगितले आहेत, त्यांत फकीर आणि मिस्कीन यांच्याबरोबर ‘गारिमीन’ असाही एक वर्ग आहे. गारिमीन म्हणजे कर्जाखाली दबलेले लोक.

हा हकदार मोहल्ल्यात सहज दिसत नाही, कारण तो फाटक्या कपड्यांत नसतो. त्याच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट असतो, फाइलीत इंजिनीअरिंगची नाहीतर फार्मसीची पदवी असते आणि महिन्याच्या सुरुवातीला त्याच्या अब्बांच्या फोनवर बँकेचा हप्त्याचा मेसेज येतो. नोकरी असते बारा-पंधरा हजारांची, किंवा नसतेच. गेल्या काही वर्षांत आमच्या कॉलेजातून बाहेर पडलेली अशी मुले-मुली मी पाहतो आहे. त्यांत रफिकची बहीण असते तशी रमेशचीही असते. शैक्षणिक कर्जाने जात-धर्म विचारलेला नाही.

कर्जाचा विषय आमच्याकडे हलक्याने घेतला जात नाही. एका जनाजाच्या वेळी मयतावर कर्ज आहे असे कळताच पैगंबर (स.) स्वतः नमाज पढवायचे थांबले आणि एका साथीदाराने ते कर्ज अंगावर घेतल्यावरच त्यांनी नमाज पढवली, अशी हदीस आहे. जुम्म्याच्या बयानात ही गोष्ट पुष्कळदा ऐकायला मिळते. तिची पुढची बाजू मात्र कमी सांगितली जाते. नंतरच्या काळात खजिन्यात पैसा आला, तेव्हा कर्ज मागे ठेवून जाणाऱ्याचे देणे फेडण्याची जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली. अडलेल्या कर्जदाराचा भार राज्याने उचलावा, ही कल्पना इतकी जुनी आहे.

आपल्या देशात शेतकऱ्यांना २००८ साली केंद्राने, २०१७ आणि २०१९ साली राज्याने कर्जमाफी दिली. विद्यार्थ्यांच्या मुद्दलाची तशी सरसकट माफी झालेली नाही. त्यातल्या त्यात जवळ जाणारी घोषणा २०१४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात होती. ३१ मार्च २००९ पर्यंत काढलेल्या आणि २०१३ अखेर थकीत असलेल्या शैक्षणिक कर्जांवरचे तोवरचे व्याज केंद्राने उचलायचे ठरवले. सुमारे नऊ लाख कर्जदार आणि २,६०० कोटी रुपये, असा तेव्हाचा अंदाज होता. अधूनमधून मोबाइलवर ‘विद्यार्थ्यांचे कर्ज माफ’ असा मेसेज फिरतो, तो बहुधा अमेरिकेतल्या बातमीचा असतो. तिथेही बायडेन सरकारची २०२२ ची मोठी माफी सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२३ रोजी रद्द केली. तेव्हा माफीची वाट पाहणे सोडावे आणि जे हक्काने मिळते ते आधी पदरात पाडून घ्यावे, हे बरे.

हक्काने मिळते ते व्याज अनुदान. आई-वडिलांचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर शिक्षणाचा काळ आणि त्यापुढचे एक वर्ष, एवढ्या मुदतीचे सगळे व्याज केंद्र सरकार भरते. ही योजना २००९ पासून चालू आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक नामांकित संस्थांत प्रवेश मिळालेल्यांसाठी उत्पन्नाची मर्यादा आठ लाखांपर्यंत आहे. तिथे दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर याच मुदतीत व्याजात तीन टक्के सवलत मिळते. अट एवढीच की वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांनाच.

रक्कम किती, ते हिशेबानेच पाहू. धरा, चार वर्षांच्या पदवीसाठी दर वर्षी ७५ हजार असे तीन लाख उचलले आणि व्याज दहा टक्के, सरळ. पहिल्या वर्षीच्या रकमेवर पाच वर्षांचे व्याज, दुसऱ्यावर चार, मग तीन, मग दोन. हप्ता सुरू होण्याआधीच एक लाख पाच हजार रुपये व्याज चढते. अनुदान मिळाले तर देणे तीन लाख. न मिळाले तर चार लाख पाच हजार, आणि पुढचे व्याज त्याच्यावर. घरकाम करणाऱ्या किंवा हातगाडी लावणाऱ्या आई-वडिलांसाठी हा लाखभराचा फरक म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

आणि हे अनुदान हुकते कुठे? कागदावर. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला बँकेत पोहोचलेला नसतो, किंवा शाखेत दिलेला असतो पण दावा वर पाठवलेला नसतो. एका विद्यार्थिनीने दाखला दोनदा दिला होता, पोच एकदाही घेतली नव्हती. दरम्यान शाखेतले साहेब बदलले. तिच्या अम्मीला कोणी तरी सांगितले होते, ‘बाजी, वो अपने आप हो जाता है।’ अपने आप काही होत नाही. कुरआनची सगळ्यात लांब आयत नमाजाविषयी नाही की रोज्याविषयी नाही. देण्या-घेण्याचे लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, हे सांगणारी आहे. आपली मंडळी ती आयत सुरेल पढतात आणि बँकेतून पोच न घेता परततात!

आणखी एक अडचण आमच्या समाजाची खास आहे. व्याज हराम, म्हणून बँकेचे कर्ज काढल्याचे घरचे लोक लपवून ठेवतात. मी मुफ्ती नाही. शिक्षणासाठी असे कर्ज काढावे की नाही, यावर उलमांनी बोलावे. पण ज्याने ते काढलेच आहे, त्याच्यासाठी अनुदानाचा अर्ज म्हणजे स्वतःच्या खिशातून जाणारे व्याज थांबवण्याचा रस्ता आहे. लाजेपोटी अर्ज न करणारा जास्त व्याज भरतो, हे निदान त्याच्या कानावर जायला हवे. लपवल्यामुळे जकात देणाऱ्यालाही तो सापडत नाही.

सरकारचेही चुकते आहे, आणि थोडेथोडके नाही. साधे बी.ए., बी.एस्सी. करणारा या अनुदानात बसत नाही. परदेशी शिकणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या व्याजाचा भार उचलणारी ‘पढो परदेश’ योजना २०२२-२३ पासून नव्या अर्जदारांसाठी बंद झाली. मुख्य म्हणजे, शिक्षण संपल्यावर फक्त एक वर्षाची सवड, ही अट ज्यांनी ठरवली त्यांनी अलीकडे नोकरी शोधलेली दिसत नाही. अडचणीतल्या कर्जदाराला हात मोकळा होईपर्यंत सवड द्या, असे सूरह बकरात सावकारालाही बजावले आहे. बँकांच्या संघटनेच्या आदर्श योजनेतही बेकारीच्या काळात हप्ता थांबवण्याची मुभा धरली आहे. ती किती शाखा आपणहून सांगतात? कर्ज थकण्याआधी लेखी अर्ज करून ती मागितली पाहिजे, कारण थकल्यावर बँकेचा सूरच बदलतो. आणि खरे म्हणजे ही गोष्ट कर्ज मंजूर करतानाच बँकेने मराठीत छापून हातात द्यायला हवी.

यंदा जकातीचा हिशेब आणि मार्चअखेर जवळजवळ आले आहेत. उत्पन्नाच्या दाखल्यावर ३१ मार्चची मुदत असते आणि सेतू केंद्रात त्या सुमारास रांगा लागतात. जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या दारात चंद्याचे टेबल असते. शेजारी आणखी एक टेबल मांडायला जागा आहे. शिकलेली दोन मुले, एक झेरॉक्सची सोय, बस्स. समोरच्या मंदिराच्या सभामंडपात किंवा बुद्धविहारात तेच टेबल रविवारी लागले तर आमच्या कॉलेजातली मुले तिथेही यायला तयार आहेत. ज्यांचे व्याज अनुदानाने सुटेल त्यांचे सुटावे. जे योजनेत बसत नाहीत आणि खरोखर अडले आहेत, त्यांची नावे गुप्त ठेवून जकात समितीने त्यांचा विचार करावा. समितीकडे क़र्ज़-ए-हसनाची, म्हणजे बिनव्याजी उसनवारीची सोय असेल तर सगळ्या धर्मांच्या मुलांना ती खुली ठेवता येईल.

येताना कर्जमंजुरीचे पत्र, कर्जखात्याचा उतारा, प्रवेशाची पावती, आधार आणि उत्पन्नाचा दाखला आणावा. मधेच शिक्षण सोडलेल्यांना अनुदान मिळत नाही, मात्र आजारपणामुळे सोडले असेल तर डॉक्टरांचे कागद जोडावेत. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती कराव्यात आणि दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का व तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये.