प्रसूती दवाखान्यात, निर्णय मात्र घरात!

विटा : गरोदर बाई तपासणीला आली की वजन होते, रक्तदाब पाहिला जातो, रक्त घेतले जाते. ‘घरी मारहाण होते का?’ हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. विचारायला हवे, आणि तेही दवाखान्यातच.

आकडे काय सांगतात?
राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) राज्यात ९४.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली. त्याच पाहणीत लग्न झालेल्या २५.२ टक्के स्त्रियांनी कधी ना कधी नवऱ्याची हिंसा सोसल्याचे सांगितले. म्हणजे साधारण चौघींमागे एक. दवाखान्याचे दार उघडले. घरातला धाक तसाच राहिला.

उशीर कुठे होतो?
मातामृत्यूमागे तीन उशीर मानले जातात : निर्णयाला, पोहोचायला आणि उपचार मिळायला. पोहोचण्यासाठी १०८ आहे. सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधे आणि वाहन मोफत देणारी जननी शिशु सुरक्षा योजना २०११ पासून आहे. पहिला उशीर मात्र घरातला, त्याला योजना नाही.

विट्यातून गुंतागुंतीची केस सांगली-मिरजेला न्यायची तर पन्नासहून अधिक किलोमीटर जायचे. खानापूर तालुक्यातील कित्येक घरांतला कर्ता पुरुष गलाईच्या धंद्यासाठी परराज्यात असतो. ‘आधी त्याला फोन लावा’ यात गेलेला अर्धा तास रक्तस्राव होणाऱ्या बाईला परवडत नाही. पहिल्या बाळंतपणाला माहेरचा आधार असतो. पुढचे बहुधा सासरीच, किंवा नवऱ्यासोबत परमुलखात. तिथे त्रास सांगायला आपले माणूसही जवळ नसते.

कायदा काय म्हणतो?
कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ पासून. त्याच्या कलम ७ नुसार पीडित स्त्रीने मागणी केल्यास रुग्णालयाने उपचार द्यायचे असतात. घटनेचा अहवाल आधी नोंदवलेला नाही, या कारणावरून तिला परत पाठवता येत नाही. तो अहवाल रुग्णालयाने भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो.

मार्ग आहे का?
आहे. मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने २००० मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. हिंसेची शिकार झालेल्या स्त्रीला उपचारासोबत समुपदेशनही तिथेच मिळू लागले. तालुक्याच्या गावी एवढे केंद्र लगेच उभे राहणार नाही. पण दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर महिलांची तपासणी होते. त्या दिवशी सासू आणि नवऱ्याला पाच मिनिटे बाहेर बसवून तिच्याशी एकटीने बोलणे अवघड नाही.

‘डॉक्टरांना वेळ कुठे?’ हा आक्षेप खरा आहे. म्हणून प्रशिक्षित परिचारिकेकडे हे काम द्यावे. सगळा भार आशाताईंवर टाकू नये; त्या त्याच गावच्या, बऱ्याचदा भावकीतल्या. बाईचे उत्तर ती घरी नेते त्या कार्डावर लिहू नये, नाहीतर विचारपूसच मारहाणीचे कारण ठरेल. पुढची मदत ठरलेली नसेल, तर नुसते विचारून उपयोग नाही. संरक्षण अधिकाऱ्याचा नंबर आणि महिला हेल्पलाइन १८१ परिचारिकेच्या हाताशी हवे.

सक्षमीकरणाचा अर्थ बचतगटाच्या पासबुकापुरता नाही. कळा सुरू झाल्यावर कुणाची परवानगी न घेता १०८ ला फोन लावता येणे, हा त्याचा साधा कस आहे.