मुबलक लाकूड, दुर्मिळ वृक्ष

वस्तू मुबलक आहे की दुर्मिळ, हे बाजारातील पुरवठ्यावरून ठरवण्याची सवय अर्थशास्त्राने आपल्याला लावली आहे. ती किती फसवी आहे, हे मॉन्टेरे पाइन या सदाहरित वृक्षाच्या कहाणीवरून ध्यानात येते. न्यूझीलंड, चिली, ऑस्ट्रेलिया आदी देशांत त्याची लागवड लक्षावधी हेक्टरांवर पसरली आहे. न्यूझीलंडच्या लागवडीच्या वनांपैकी सुमारे ९० टक्के क्षेत्र या एकाच झाडाचे आहे. आणि तरीही आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या यादीत त्याची नोंद ‘संकटग्रस्त’ अशी आहे!

कारण त्याची नैसर्गिक वने जगात केवळ पाच ठिकाणी आहेत: कॅलिफोर्नियाच्या धुकट किनाऱ्यावर तीन, आणि मेक्सिकोच्या ग्वादालुपे व सेद्रोस या बेटांवर दोन. किनाऱ्यावरील जमिनीला भाव आला, तशी मॉन्टेरेच्या वनात बंगले व गोल्फची मैदाने शिरली. १९८६ साली कॅलिफोर्नियात बुरशीचा एक घातक रोग आढळला. ग्वादालुपेवर माणसाने सोडलेल्या शेळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कोवळी रोपे फस्त केली. चालू शतकाच्या आरंभी त्यांना आवर घातल्यावरच नवी रोपे तगू लागली.

लागवड अफाट असताना या पाच वनांची चिंता कशासाठी? लागवडीचे वाण मुख्यतः कॅलिफोर्नियातील वनांच्या बियाण्यातून आले आणि जलद वाढ व सरळ खोड पाहून निवडले गेले. रोगाशी आणि अवर्षणाशी झुंजण्याचे वैविध्य मूळ वनांत आहे. लागवड हे व्याज, तर ही वने मुद्दल होत. मुद्दल गमावून व्याजावर मिरवणाऱ्याचे दिवाळे ठरलेलेच.

या व्याजाचा धनी कोण, हेही पाहिले पाहिजे. चिलीत १९७४ साली पिनोशेच्या लष्करी राजवटीने ७०१ क्रमांकाचा हुकूम काढून लागवडीच्या खर्चाचा ७५ टक्के भार सरकारी तिजोरीवर टाकला. लाभ बड्या कंपन्यांनी उचलला; मापुचे आदिवासी ज्या जमिनींवर वंशपरंपरागत हक्क सांगतात, तेथे पाइनच्या रांगा उभ्या राहिल्या.

आपल्याकडेही भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येनुसार हेक्टरभर जमिनीवर दहा टक्के वृक्षछत्र असले की ती वनाच्छादनात जमा होते, मग ती फळबाग का असेना. म्हणून वनवाढीचे सरकारी आकडे समोर येतील तेव्हा कार्यकर्त्यांनी तीन प्रश्न विचारावेत: यात नैसर्गिक वन किती, लागवड किती, आणि जमीन कोणाची? या उत्तरांवाचून हिरव्या आकड्यांचा जयघोष व्यर्थ आहे.