सुट्टी आईलाही हवी



घरात सर्वांनी मिळून वंदना करावी असे आपल्यापैकी बहुतेकांना वाटते. अडते ते वेळेपाशी. कॅम्प ५ मध्ये तर घरची माणसे एका वेळी एका खोलीत सापडणेच मुश्कील. एकजण पहाटे अंबरनाथहून लोकल धरतो, दुसऱ्याची रात्रपाळी. कुणाची सुट्टी शुक्रवारी, मुलांची रविवारी. बायका घरकाम उरकून जीन्सचे धागे कापत बसतात, तेही नगावर. नगावर काम करणाऱ्याला कसली सुट्टी? हात थांबला की पैसा थांबला.

सुट्टी आपल्या लोकांना आयती मिळालेली नाही, हे मुलांना जरूर सांगावे. महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून आठवड्याला एक पूर्ण दिवस विश्रांती मागितली. त्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. पुढे एप्रिल १८९० च्या सभेला दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. बाबासाहेब मजूरमंत्री असताना, १९४६ साली, कारखान्यातले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणण्याचा कायदा पुढे आला.

सुट्टीसाठी बायका भर सभेत बोलल्या, त्याला शंभरावर वर्षे झाली. आणि आज आपल्या घरी रविवारी काय होते? पुरुष उशिरा उठतो, मुले टीव्हीपुढे किंवा मोबाईलमध्ये, पाहुणे येतात, मटण शिजते, आठवड्याचे धुणे निघते. आईला रविवार सोमवारपेक्षा जड जातो. वर तिनेच मेणबत्ती, फुले मांडायची आणि सर्वांना वंदनेला हाका मारायच्या! मग वंदना हे तिच्या गळ्यात आणखी एक काम होते.

भगवंतांनी उपोसथ ठरवला तो अष्टमीला, चतुर्दशीला, पौर्णिमेला. राजा बिंबिसाराने तशी विनंती केली होती, असे विनयपिटकात आहे. उपोसथाला गृहस्थ नेहमीचे व्यवहार बाजूला ठेवून शील पाळतात, धम्म ऐकतात. तेव्हा रविवारचाच हट्ट नको. ज्या घरी शुक्रवार मोकळा, त्यांनी शुक्रवारची संध्याकाळ धरावी. तेही जमत नसेल तर पौर्णिमा आहेच.

त्रिसरण-पंचशीलाला पाच मिनिटे पुरतात. त्यानंतर पाच मिनिटे सर्वांनी श्वासाकडे लक्ष देऊन गप्प बसावे. शेजारच्या मशीनचा आवाज येईल, येऊ द्या. मग 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मधले एक पान वाचावे. वाचन मुलांकडे द्यावे, आईने नुसते ऐकावे. धाग्यांचा गठ्ठा त्या अर्ध्या तासापुरता खाटेखाली सरकवावा. उरलेल्या नगांना नंतर घरातल्या सर्वांनी हात लावला तर तिचा पैसाही बुडत नाही.

मांडामांड आणि नंतरचा चहा मात्र बाबांकडे!