शेतकरणीचें नांव

शेतकरी म्हटला कीं नांगराच्या रुमण्यावर हात ठेवलेला पागोटेवाला पुरुष डोळ्यांपुढें उभा राहतो. चित्रकारांनीं तोच रेखाटला, पाठ्यपुस्तकांनीं तोच छापला. परंतु शेतांतील कामें एकेक करून मोजूं लागल्यास हें चित्र अर्धेंच आहे असें सुज्ञ वाचकांस आढळून येईल. नांगरट व पाभर पुरुषाच्या हातीं खरी. पण पाभरीमागून मोघण धरून तुरीचें बीं सोडणारी बहुधा घरधनीण असते. पुढें खुरपणी आली, मावळांत व कोंकणांत भाताची लावणी आली, वऱ्हाड-खानदेशांत कापसाची वेचणी आली. हीं सारीं बायकांचीं कामें. लावणीला गुडघाभर चिखलांत दिवसभर वांकून राहावयाचें, आणि वेचणीला बोंडांच्या वाळलेल्या टोकांनीं बोटें सोलवटून घ्यावयाचीं. कापूस गाडींत भरला कीं मात्र बाजारांत जातो पुरुष, व पैसा मोजून घेतो तोही पुरुषच.

त्यापूर्वीं पहाटेची झाडलोट, पाणी, गोठ्यांतील शेण, धार, चूल, भाकऱ्या. तान्हें मूल असलें तर बांधावरील झाडाला त्याची झोळी. बियाणें राखण्याचें कामही पूर्वापार तिचेंच. राख चोळून, कडुनिंबाचा पाला घालून कणगींत ठेवलेलें बीं पुढल्या मृगापर्यंत किडूं न देणें ही विद्या तिला कोणत्याही शाळेनें शिकविलेली नाहीं. इतकें असून 'बायको काय करते?' असें कोणी विचारलें तर घरचा धनी 'घरींच असते' म्हणून मोकळा होतो!

आतां सात-बाराकडे वळूं. सातव्या नमुन्यांत जमीन कोणाची तें असतें, बाराव्यांत पीक कोणतें तें असतें. १९४८ च्या कुळकायद्यानें व १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानें 'कसेल त्याची जमीन' झाली. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या वडिलोपार्जित जमिनी त्यांत गेल्या, व त्याची हळहळ अजून ओटीवर ऐकूं येते. तो वाद आज नको. आम्हांस एवढेंच विचारावयाचें आहे कीं, कसणारा म्हणून ज्याचें नांव चढलें त्याच्या जोडीनें तीच जमीन कसणाऱ्या त्याच्या बायकोचें नांव कां चढलें नाहीं? 'त्याची' या पदाचें लिंग सरकारी दप्तरानें फारच काटेकोरपणें पाळलें, असें म्हणावें लागतें. २०१५-१६ च्या कृषिगणनेंत देशांतील शंभर वहिवाटदारांपैकीं स्त्रिया जेमतेम १४ निघाल्या.

नवरा आहे तोंवर हें जाचत नाहीं. तो गेला, आणि जमीन सासऱ्याच्या नांवावर असली, कीं जी बाई वीस वर्षें त्या रानांत राबली तिला पीककर्जाचा अर्जही स्वतःच्या नांवें करतां येत नाहीं. विदर्भ-मराठवाड्यांत गेल्या तीस वर्षांत कर्जापायीं ज्यांनीं जीव दिला, त्यांच्या मागें राहिलेल्या बायकांची अडचण पुष्कळदां येथेंच येऊन ठेपते. दुःख आवरून, मुलांना घेऊन तिनें तलाठ्याकडे जावें, आणि दीर काय म्हणतात तें आधीं पाहावें!

या प्रश्नाला हात घातला तो शेतकरी संघटनेनें. नोव्हेंबर १९८६ मध्यें चांदवडला शेतकरी महिलांचें मोठें अधिवेशन भरलें. पुढें शरद जोशी यांनीं 'लक्ष्मीमुक्ति'ची हांक दिली कीं, नवऱ्यानें आपण होऊन जमिनीचा कांहीं भाग बायकोच्या नांवें करावा. जळगांव जिल्ह्यांतील विटनेरसारख्या गांवांनीं तें करूनही दाखविलें. १९९२ सालीं सरकारनेंही त्याच नांवानें परिपत्रक काढलें. कायद्याच्या धाकावांचून पुरुष जमीन देतात हें आम्हांस विशेष वाटतें. पण जो उपकार मनाजोगता होतो तो मनाजोगता थांबतोही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचें नांव बापाच्या आधीं लागतें. लेकराच्या नांवांत आई आली. रानाच्या उताऱ्यांत ती येण्यास मात्र अजून नवऱ्याचा अर्ज लागतो.

माहेरचा हिस्सा म्हणावा, तर तो महाराष्ट्रांत १९९४ पासून व देशभर २००५ पासून मुलीलाही जन्मतःच आहे. पण दिवाळीस माहेरीं आलेल्या बहिणीपुढें भाऊ हक्कसोडपत्र ठेवतो, आणि भाऊबीज तुटूं नये म्हणून ती अंगठा देते. येथें खेड्याला हंसण्याचा अधिकार आमच्या सुशिक्षित घरांस नाहीं. वाड्याच्या वांटणींत आमच्या पदवीधर भगिनीही तोच कागद न वाचतां सही करून परत करतात. असें पत्र नोंदविण्यास निबंधकाच्या कचेरींत जावें लागतें. त्याआधीं चार दिवस त्याचा मसुदा मागवून घ्यावा, आणि तो वाचतांना भाऊ शेजारीं बसलेला नसावा.