टोस्टचा दुसरा ग्लास



मागे आम्ही चौघे बेळगावहून चोर्ला घाट उतरून पणजीला वाईन आणि खाद्य महोत्सवाला गेलो होतो. खरे सांगते, मी गेले ती खाण्यासाठी. सूर घालून फुगवलेल्या सान्नां, माडाच्या व्हिनेगरात मुरलेले सोरपोतेल आणि शेवटी बेबिंका. बेबिंकाचे दोन तुकडे खाल्ले, त्याचा पश्चात्ताप नाही.

आमच्याबरोबर पॅरिशमधला एक भाऊ होता. नऊ वर्षे त्याने दारूला हात लावलेला नाही. तोही जेवणासाठीच आला होता. वाईनच्या टेबलाशी लोक ग्लास हलवत, वास घेत, घोटभर तोंडात घोळवत आणि चक्क बादलीत थुंकत. चव घेण्याची ती रीतच आहे. तो बराच वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "ताई, इथे थुंकले तरी कुणाला राग येत नाही. आपल्या लग्नात नुसते 'नको' म्हटले तरी माणसे रुसतात."

परतताना घाटभर तेच वाक्य डोक्यात होते. गेल्या नऊ वर्षांत तो किती लग्नांना आला? मिस्साला येतो, टोस्टच्या आधी निघून जातो. आपण म्हणतो, माणूस तुटक आहे.

मी द्राक्षारसाच्या विरोधात नाही. कानाच्या लग्नात प्रभूने सहा दगडी रांजण भरायला लावले, तेव्हा हिशेब घोटांचा नव्हता. पण त्या चमत्काराने यजमानाची लाज राखली गेली. आपण मात्र "एक घोट घे, काही होत नाही" म्हणत चारचौघांत पाहुण्याला लाजवतो. काही होत नाही, हे आपण कोणाच्या भरवशावर सांगतो? त्याच्या घरच्यांना विचारा. आणि भावाला अडखळण होत असेल तर द्राक्षारस न पिणेच बरे, असे पौलाने रोमकरांना कळवले आहे.

खुद्द वेदीवरही चर्चने अशा माणसाला जागा दिली आहे. मिस्सासाठी शुद्ध द्राक्षांचाच रस लागतो, हा नियम पक्का. तरी ज्या धर्मगुरूला मद्य चालत नाही, त्याला बिशपांच्या परवानगीने 'मुस्टुम' वापरता येते, म्हणजे आंबण्याची क्रिया थांबवलेला द्राक्षरस. रोमने 2003 च्या पत्रात हे स्पष्ट केले आहे. वेदीवर जे चालते ते हॉलमध्ये का चालू नये?

माझे म्हणणे एवढेच. टोस्टच्या वेळी कोकम सरबत त्याच ट्रेमधून, तशाच ग्लासांत फिरवा. कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या जगात, लहान मुलांसाठी म्हणून नको. कोणी कोणता ग्लास उचलला, तिकडे बघू नका.

फेस्ताच्या जेवणाची यादी यंदा माझ्याकडे आहे. सरबत लिहून टाकले आहे. काचेचे ग्लास कमी पडताहेत. ज्यांच्या घरी आहेत त्यांनी रविवारी मिस्सानंतर मला भेटावे.