जेनेसिस बाटल्याचा कांगावा

प्रोग्रेसिव्ह रॉकच्या श्रोत्यांत एक निवाडा इतकी वर्षं चालत आला आहे, की त्याची फेरतपासणी करावी असं सहसा कुणाच्या मनात येत नाही. निवाडा असा: जेनेसिस हा इंग्लिश बँड १९७५ पर्यंत कलावंतांचा होता. मग गायक पीटर गेब्रियल बाहेर पडला, ड्रमवादक फिल कॉलिन्स त्याच्या जागी उभा राहिला आणि बँड बाजारात जाऊन बसला. आधीचं सगळं सोवळं, नंतरचं सगळं ओवळं. ब्रेट ईस्टन एलिसने १९९१ च्या ‘अमेरिकन सायको’ कादंबरीत एका थंड डोक्याच्या खुन्याच्या तोंडी उत्तरकालीन जेनेसिसची लांबलचक स्तुती घातली, तेव्हा तर निवाडा देणाऱ्यांना आयतंच कोलीत मिळालं. हे संगीत कुणाला आवडतं ते बघा, असं म्हणून मोकळं होता आलं.

हा निवाडा मला मान्य नाही. पण पूर्वपक्ष दुबळा करून मांडायचा आणि मग त्याला लोळवायचं, यात पुरुषार्थ नाही. तेव्हा आधी त्याचं बळ पाहू.

‘फॉक्सट्रॉट’ (१९७२) या अल्बममधली ‘सपर्स रेडी’ ही रचना जवळपास २३ मिनिटांची आणि सात भागांची आहे. घरातल्या खोलीत सुरू होऊन ती थेट प्रलयापर्यंत जाते. त्याच वर्षी गेब्रियल लाल झगा आणि कोल्ह्याचं मुंडकं घालून रंगमंचावर आला आणि रॉकच्या कार्यक्रमाला नाटकाची कळा आली. ‘सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड’ (१९७३) मध्ये जुन्या इंग्लंडची विक्री चालल्याची खंत आणि थट्टा एकत्र नांदते. ‘द लॅम्ब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे’ (१९७४) हा तर न्यूयॉर्कमधल्या राएल नावाच्या पोराची गोष्ट सांगणारा दुहेरी अल्बम. आणि याच बँडच्या ‘इनव्हिजिबल टच’ (१९८६) मधली पाच गाणी अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या पाचांत पोचली. त्यांतली बरीचशी नाकासमोर चालणारी प्रेमगीतं. प्रलयापर्यंत जाऊन आलेला बँड चार मिनिटांच्या प्रेमगीतावर स्थिरावला, तर ऱ्हास झाला असं म्हणणाऱ्याला वेड्यात काढता येत नाही. प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र घाईचं आहे, आणि त्याचे तिन्ही खांब डळमळीत आहेत.

पहिला खांब मूळच्या पावित्र्याचा. गेब्रियल असेपर्यंत या मंडळींनी बाजाराकडे ढुंकूनही पाहिलं नाही, अशी समजूत आहे. वस्तुस्थिती काय? सरे परगण्यातल्या चार्टरहाउस या निवासी शाळेतल्या मुलांनी १९६७ मध्ये हा बँड उभा केला. त्यांना हाताशी धरलं जोनाथन किंग या निर्मात्याने. किंगचा उत्साह मावळतोय असं दिसताच पोरांनी त्याच्या आवडत्या बी जीज या लोकप्रिय बँडच्या धर्तीवर ‘द सायलेंट सन’ हे गाणं बेतलं, आणि तीच १९६८ मध्ये त्यांची पहिली तबकडी ठरली. म्हणजे श्रीगणेशाच गिऱ्हाइकाची मर्जी सांभाळून झाला. पुढे १९७४ मध्ये ‘आय नो व्हॉट आय लाइक’ ब्रिटिश यादीत एकविसाव्या क्रमांकावर गेलं, तेव्हा कुणी सुतक पाळल्याचं ऐकिवात नाही. गाणं चालावं ही इच्छा १९७५ नंतर उपटलेली नाही. पूर्वी ती क्वचित फळत होती, नंतर वारंवार फळू लागली, इतकाच फरक.

दुसरा खांब गेब्रियल म्हणजेच जेनेसिस या समीकरणाचा. मुखवटे त्याचे, शब्दांतली अचाट कल्पनाशक्ती पुष्कळशी त्याची, आवाज त्याचा. तेव्हा संगीतही त्याचंच असणार, असं गृहीत धरलं गेलं. या गैरसमजाला बँडचाही हातभार लागला, कारण ‘लॅम्ब’पर्यंत प्रत्येक रचनेचं श्रेय सगळ्यांच्या नावावर सामाईक लागत असे. आतली वाटणी वेगळी होती. ‘फर्थ ऑफ फिफ्थ’च्या आरंभीचा पियानो आणि पुढे स्टीव्ह हॅकेटच्या गिटारने अजरामर केलेली धून, दोन्ही कीबोर्डवादक टोनी बँक्सची. ‘सिनेमा शो’चा उत्तरार्ध सात मात्रांत, म्हणजे आपल्या रूपकाच्या मापात, पळत सुटतो, तिथे गायकाला कामच नाही. ‘सपर्स रेडी’तला नऊ मात्रांचा झंझावात बँक्स, बासवादक माइक रदरफर्ड आणि कॉलिन्स या तिघांनी वाजवता वाजवता घडवला. गेब्रियलने त्यावर गाणं नंतर चढवलं. बँक्सला ते आधी रुचलं नाही, मग पटलं. आणि गेब्रियलपर्वाचं शिखर मानल्या जाणाऱ्या ‘लॅम्ब’चं काय? हॅम्पशरमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत चौघे जण एका खोलीत संगीत रचत होते आणि गेब्रियल दुसऱ्या खोलीत शब्द लिहीत होता. काही चाली त्याच्या आहेतच. पण बहुतांश संगीत उभं राहिलं ते त्याच्या गैरहजेरीत. उद्या ज्यांना ‘उरलेले’ म्हणून हिणवायचं, त्यांनीच आदल्या दिवशीचं वैभव रचलं होतं.

याचा पडताळा लगेच मिळाला. गेब्रियल गेल्याचं ऑगस्ट १९७५ मध्ये जाहीर झालं आणि बँड संपल्याची आवई उठली. चौघांनी अनेक गायक तपासले, कुणी मनास येईना, शेवटी कॉलिन्स स्वतःच गायला. तो काही उपरा नव्हता. १९७० पासून ड्रमवर होता आणि १९७१ च्या ‘फॉर ॲब्सेंट फ्रेंड्स’मध्ये मुख्य आवाज त्याचाच होता. फेब्रुवारी १९७६ मध्ये आलेला ‘अ ट्रिक ऑफ द टेल’ ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेला, म्हणजे ‘सेलिंग इंग्लंड’च्या बरोबरीने. त्याच वर्षअखेरीच्या ‘विंड अँड वदरिंग’मध्ये तर बारा तारांच्या गिटारी, मेलोट्रॉन, लांब वाद्यरचना असा सगळा जुना सरंजाम जागच्या जागी आहे. १९७५ ची रेघ पुसून हे दोन अल्बम एखाद्या नवख्याला ऐकवले, तर बँड बाटला कुठे, हे त्याला दाखवता येणार नाही.

तिसरा खांब कॉलिन्सच्या माथी मारलेल्या पापाचा. हलकी गाणी त्याने आणली म्हणे. सत्तरीच्या दशकात हा माणूस ब्रँड एक्स या जॅझ-फ्यूजन बँडमध्ये ड्रम वाजवत होता आणि ब्रायन ईनो या संगीतकाराच्या प्रयोगांत साथ देत होता. १९७८ मध्ये जेनेसिसला सातव्या क्रमांकावर नेणाऱ्या ‘फॉलो यू फॉलो मी’चे शब्द रदरफर्डचे. ‘थ्रोइंग इट ऑल अवे’ आणि ‘लँड ऑफ कन्फ्यूजन’चे शब्दही त्याचेच. याच रदरफर्डच्या माइक अँड द मेकॅनिक्स या दुसऱ्या बँडचं ‘द लिव्हिंग इयर्स’ १९८९ मध्ये अमेरिकेत अव्वल ठरलं. सुटसुटीत गाण्याची ओढ बँडच्या संस्थापकालाच होती, आणि शिव्या मात्र कॉलिन्सने खाल्ल्या.

गेब्रियल तरी कुठे कोल्ह्याचं मुंडकं घालून बसून राहिला? त्याच्या तिसऱ्या अल्बमवर (१९८०) ‘इन्ट्रूडर’ हे गाणं आहे. झांजांना हात लावायचा नाही, ही अट त्याची, ड्रम कॉलिन्सचे, आणि घुमता घुमता मध्येच छाटल्यासारखा तो ध्वनी ह्यू पॅजम या ध्वनिमुद्रकाच्या हाताखाली सापडलेला. तोच ध्वनी पुढच्या वर्षी कॉलिन्सच्या ‘इन दि एअर टुनाइट’मध्ये जगभर पोचला आणि पॅजमबरोबर जेनेसिसच्या ‘अबाकॅब’मध्ये (१९८१) आला. ज्या ऐंशीच्या दशकाच्या नावाने बोटं मोडायची, त्याचा आवाज या दोघांनी मिळून घडवला. जुलै १९८६ मध्ये ‘इनव्हिजिबल टच’ला अमेरिकेच्या पहिल्या स्थानावरून खाली खेचलं ते गेब्रियलच्याच ‘स्लेजहॅमर’ने. तेही नाचायला लावणारंच गाणं. एकाला द्रष्टा म्हणायचं आणि दुसऱ्याला दुकानदार, हा न्याय कोणता?

दोघांत वैर होतं म्हणावं, तर तेही नाही. गेब्रियलने १९८२ मध्ये ‘वोमॅड’ हा जगभरच्या संगीताचा महोत्सव भरवला आणि तो कर्जात बुडाला. तेव्हा २ ऑक्टोबरला मिल्टन कीन्स इथे भर पावसात जेनेसिस त्याच्यासाठी उभा राहिला. हॅकेटही शेवटी येऊन मिळाला. तगलेल्या त्याच वोमॅडच्या मंचावर १९८५ मध्ये नुसरत फतेह अली खान गायले आणि गेब्रियलच्या रिअल वर्ल्ड या ध्वनिमुद्रण कंपनीने १९९० मध्ये त्यांचा ‘मस्त मस्त’ हा अल्बम काढला. मराठी घरांत शिरलेल्या नुसरतच्या सुरांमागे जेनेसिसच्या त्या भिजल्या संध्याकाळचाही थोडा वाटा आहे.

आता दुसऱ्या बाजूच्या वकिलांकडेही वळलं पाहिजे. ‘ड्यूक’पासून (१९८०) ‘वी कान्ट डान्स’पर्यंत (१९९१) प्रत्येक स्टुडिओ अल्बम ब्रिटनमध्ये पहिला आला, सबब तोच काळ श्रेष्ठ, असं ते म्हणतात. खप हा गुणाचा पुरावा नाही, तसा तो दोषाचाही नाही. ‘इनव्हिजिबल टच’मधलं ‘इन टू डीप’ हे कॉलिन्सच्या स्वतंत्र गाण्यांपैकी एक चुकून इकडे आल्यासारखं वाटतं. ‘अबाकॅब’मधली ‘हू डनिट?’ ही गंमत एकदा ऐकली की पुरे; १९८१ मध्ये हॉलंडमधल्या लायडनच्या श्रोत्यांनी नव्या गाण्यांना हुर्यो दिली, त्यात सगळाच आडमुठेपणा नव्हता. जे गेलं त्याची नोंदही प्रामाणिकपणे झाली पाहिजे. १९७७ मध्ये हॅकेट गेला आणि गिटारचा तो रेशमी, रेंगाळणारा स्वर गेला. बारा तारांची जाळी विरळ होत संपली. गेब्रियलच्या शब्दांतला विक्षिप्त विनोद पुन्हा कुणाला साधला नाही.

एवढं मान्य करूनही माझं म्हणणं असं, की जेनेसिसचे कालखंड गायकाच्या नावाने पाडणं हीच मुळातली चूक आहे. ते रचनेच्या रीतीने पाडावेत. पहिला खंड १९७० ते १९७७: ज्याने त्याने आणलेले तुकडे सांधून मोठी इमारत उभी करण्याचा. दुसरा १९७८ ते १९८० चा, संक्रमणाचा. तिसरा १९८१ पासूनचा: सरेमधल्या आपल्या ‘द फार्म’ या स्टुडिओत रिकाम्या हाताने जमायचं, तिघांनी वाजवत बसायचं आणि त्यातून जे हाती लागेल ते घडवायचं. खरा बदल हा आहे. गायक बदलून सहा वर्षं लोटल्यावर तो झाला आणि तिघांनी जाणूनबुजून केला.

आणि या बदलातही बँडचा स्वभाव टिकला. ‘ड्यूक’मधलं ‘टर्न इट ऑन अगेन’ घ्या. रेडिओवर गाजलेलं, आठव्या क्रमांकापर्यंत गेलेलं गाणं. पण त्याचं आवर्तन तेरा मात्रांचं. ठेका सरळ धडधडत राहतो म्हणून ऐकणारा निर्धास्तपणे टाळी धरतो, आणि त्याचा चारचा हिशेब दुसऱ्या आवर्तनात कोलमडतो. समेचा धक्का त्याच्या अंदाजाआधीच येऊन आदळतो. नऊ मात्रांचा प्रलय मिरवणाऱ्यांनी तेरा मात्रा अशा खुबीने लपवल्या, की ते अवघड आहे हे लोकांना कळलंच नाही. हे गाणं मुळात सुमारे अर्ध्या तासाच्या एका सलग मालिकेचा भाग होतं. ‘सपर्स रेडी’शी तुलना नको म्हणून ती मालिका तोडून अल्बमभर विखुरली. लांब पल्ल्याची ताकद संपली नव्हती. तिची जाहिरात थांबली होती.

तसंच ‘मामा’ (१९८३). रदरफर्डने यंत्रावर बसवलेला, खरवडल्यासारखा ठेका. खाली बँक्सचा न हलणारा, दबा धरून बसलेला स्वर. वर कॉलिन्सची विनवणी आणि मध्येच ते विकृत हसू, जे त्याला ग्रँडमास्टर फ्लॅशच्या मंडळींच्या ‘द मेसेज’वरून सुचलं. खरे ड्रम यावेत म्हणून कान आसुसतात आणि हा ड्रमवादक गायक ते बराच वेळ रोखून धरतो. येतात तेव्हा भिंत कोसळल्यासारखे येतात. ब्रिटनमध्ये बँडचं सर्वांत वर चढलेलं गाणं हेच, चौथ्या क्रमांकाचं. याला गोड गोळी म्हणणाऱ्याच्या जिभेची तपासणी केली पाहिजे. ‘मामा’च्याच अल्बममधल्या ‘होम बाय द सी’च्या दोन भागांत घरफोडीला आलेला चोर भुतांच्या तावडीत सापडतो आणि त्यांच्या आठवणी ऐकत बसतो. १९७१ च्या ‘म्युझिकल बॉक्स’मध्ये मेलेल्या मुलाचा आत्मा खेळण्यातून बाहेर येतो, ही भुतं त्याच्याच गोत्राची आहेत.

यावर एक आक्षेप येईल. रीतच मुख्य, तर १९९७ चा ‘कॉलिंग ऑल स्टेशन्स’ का फसला? बँक्स होता, रदरफर्ड होता, लांब आणि गडद रचनाही होत्या. गायक तेवढा रे विल्सन हा नवा. या आक्षेपाने माझंच म्हणणं बळकट होतं. विल्सन आला तोवर बहुतेक गाणी लिहून झाली होती. चुकीच्या दिशेने जाणारी चाल जागीच अडवणारा, ड्रमवर बसून तिला घाट देणारा तिसरा माणूस खोलीत नव्हता. कॉलिन्स हाच रोग असता, तर तो गेल्यावर रोगी खडखडीत बरा व्हायला हवा होता. झालं उलटंच: अमेरिकेचा दौरा रद्द करावा लागला आणि बँडने गाशा गुंडाळला.

पुढे दौरे झाले ते कॉलिन्स परतल्यावरच. अखेरच्या दौऱ्याला नाव दिलं ‘द लास्ट डोमिनो?’, आणि ते घेतलं ‘इनव्हिजिबल टच’वरच्या ‘डोमिनो’ या दहा मिनिटांच्या रचनेवरून, ज्या अल्बमला निव्वळ बाजारू ठरवलं गेलं त्याच्यावरूनच. २६ मार्च २०२२ रोजी लंडनमध्ये शेवटचा कार्यक्रम झाला, तेव्हा गेब्रियल श्रोत्यांत बसला होता. ज्याच्या नावाने हा सोवळ्याचा पंथ चालतो, त्याला विटाळ झाला नाही; मग पंथाने कुणाच्या वतीने आंघोळ करायची? सरस-निरस जरूर ठरवा, एकेक रचना कसून ठरवा. ‘सपर्स रेडी’ थोर आहे आणि ‘इन टू डीप’ सुमार आहे, हे मीही म्हणतो. पण त्याचं कारण त्या त्या रचनेत शोधावं लागेल. गळा कुणाचा आहे ते पाहून दिलेला निकाल ऐकण्याचे कष्ट वाचवतो, आणि त्या सवलतीपोटी ‘मामा’ आणि ‘ड्यूक’ गमवावे लागतात. हा सौदा तोट्याचा आहे.